स्वामीमलैचे पाइपवाले काका

पहाटे साडेचारला काका उठतात आणि सगळ्यात आधी बुटांना पॉलिश करतात. ते बूट घालून जायचं कुठंच नसतं. देवळापर्यंत चपला आणि देवळात अनवाणी, एवढाच त्यांचा दिवसाचा प्रवास. तरी बूट चकाकले पाहिजेत. मद्रास रेजिमेंटमध्ये चोवीस वर्षं काढलेल्या हवालदाराला याचं कारण विचारायचं नसतं, असं बाबांनी मला गाडीतच बजावून ठेवलं होतं.

मग दाढी. मग काकू दारात कोलम काढत असताना पायरीवर बसून पितळी पेल्यातली कॉफी. मग तमिळ पेपर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. साडेपाच वाजले की फडक्यात गुंडाळलेली हातभर लांबीची काळी नळी बाहेर येते. तिला प्रॅक्टिस चँटर म्हणतात. बॅगपाइप शिकणारा माणूस आधी हिच्यावर बोटं बसवतो, आणि मुरलेला वाजवणाराही रोजचा सराव हिच्यावरच करतो.

पण काका ती तोंडाला लावत नव्हते. मांडीवर धरून नुसती बोटं फिरवत होते.

बाबा आणि काका १९७९ साली पचमढीला भेटले. लष्करातल्या वादकांचं शिक्षण तिथं होतं. बाबा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, काका मद्रासचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. फौजी हिंदी आणि पाइप यांवर दोस्ती झाली. बाबा त्यांना ‘अण्णा’ म्हणतात, ते बाबांना ‘मराठा’ म्हणतात. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते म्हणाले, “नाव नको, पलटणीचं लिही.”

गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पोटावर जोर येईल असं काही फुंकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बॅगपाइपमध्ये पिशवी हवेनं टम्म भरलेली ठेवावी लागते. खांद्यावरच्या तीन नळ्या अखंड षड्ज धरतात आणि बोटांखालची चौथी नळी गाणं म्हणते. चारही नळ्यांना पुरेल एवढा दम पोटातून आणावा लागतो. काका बाबांना एवढंच म्हणाले, “मराठा, माझा पाइप घेऊन जा. इथं पडून चामडं वाळेल.”

म्हणून बेंगळुरूला गाडी बदलून आम्ही २४ जानेवारीला सकाळी कुंभकोणमला उतरलो. तिथून स्वामीमलै जवळच. रस्त्याला लागूनच मूर्तिकारांची दुकानं, दारात अर्धवट घासलेले पितळी-कांस्याचे नटराज, मागच्या अंगणात मेणाच्या मूर्तींवर कावेरीची माती थापणारे हात. मेण वितळून निघून जातं, त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती मिळत नाही, म्हणून एका साच्याची एकच मूर्ती. काकांचं घर अशाच एका गल्लीच्या टोकाला.

पाइप माळ्यावर होता. निवृत्तीच्या वेळी पलटणीचं वाद्य पलटणीत जमा करावं लागतं, तेव्हा काकांनी स्वतःच्या पैशानं मेरठहून शिसवी पाइप मागवला होता. नंतर पंधरा वर्षं त्यांनी एका शाळेच्या बँडला शिकवलं. पेटीत पाइपबरोबर मेणदोऱ्याची रिळं, बोरूसारख्या वेताच्या रीडची डबी आणि एक जाड वही होती. बाबांनी पाइप बाहेर काढला. मी वहीत अडकले.

वहीच्या डाव्या पानावर धून, उजव्या पानावर तिची हकीकत. पचमढीला शिकताना धुनांची नावं कानावर पडायची: ‘हायलँड लॅडी’, ‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’. हायलँड म्हणजे काय, असं काकांनी उस्तादांना विचारलं. “पहाड,” उस्ताद म्हणाले आणि पुढची धून सुरू केली. तेवढ्यावर काकांचं समाधान झालं नाही. बरीच वर्षं उजवी पानं कोरीच राहिली. छावणीच्या वाचनालयात काही मिळालं, काही एका निवृत्त अधिकाऱ्यानं सांगितलं, आणि नात मोठी होऊन तिच्या हाती मोबाइल आल्यावर उरलेली पानं भरली. अक्षर मात्र सगळं काकांचंच, तमिळमध्ये, मधूनच इंग्रजी नावं. वही मला नातीनंच वाचून दाखवली.

एका पानावर कलोडन. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडच्या डोंगरी टोळ्यांचा तिथं ब्रिटिश सरकारी फौजेनं पार मोड केला. पुढं त्यांच्या पोशाखावरही बंदी आली. चौकड्यांचा किल्ट घालणं गुन्हा ठरलं, ते १७८२ पर्यंत. सूट एकाच ठिकाणी होती: सरकारी फौजेत. हरलेल्यांचे मुलगे आणि नातू जिंकणाऱ्यांच्या पलटणीत भरती झाले आणि आपला किल्ट, आपला पाइप तिथं जपत राहिले. त्या पलटणी हिंदुस्थानात आल्या, आणि त्यांच्याकडून पाइप आपल्या शिपायांच्या खांद्यावर आला.

काकांच्या जावयानं एकदा विचारलं होतं, की इंग्रजांचं वाद्य अजून कशाला जपायचं? काका चिडले ते ‘जपायचं’ या शब्दावर नाही, ‘इंग्रजांचं’ या शब्दावर. “त्या लोकांना इंग्रज म्हणून बघ, काय म्हणतात ते!” मग जावयाला कलोडनचं पान ऐकावं लागलं. शिवाय आपल्याकडंही पिशवीचं वाद्य होतंच. आंध्र-तमिळ भागातली ‘तित्ती’, शेळीच्या कातड्याची, नुसता एक सूर धरून ठेवणारी. नादस्वराच्या शेजारी बसून ‘ओत्तू’ वाजवणारा माणूसही तेच करतो, फक्त पिशवीऐवजी गाल फुगवून. स्कॉटिश माणसानं गाणारा आणि सूर धरणारा असे दोघे एकाच्या काखेत बसवले, एवढंच. हे मत काकांचं आहे. मला पटलं.

दुपारी दोघांची जुनी भांडणं निघाली. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर हत्ती आहे, तो असईच्या लढाईचा. असई आपल्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध वेलस्लीबरोबर मद्रासचे शिपाई होते आणि ७४ व ७८ नंबरच्या स्कॉटिश हायलँडर पलटणीही.

“म्हणजे आमच्यावर चालून आलास तू,” बाबा म्हणाले, “आणि वर हत्ती मिरवतोस!”

“तुझी पलटण कधीची?” काकांनी शांतपणे विचारलं.

बाबा गप्प. मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ सालची. मुंबईच्या शिपायांची, म्हणजे तीही कंपनीचीच. दोघं हसले. हे भांडण पंचेचाळीस वर्षं चाललंय आणि दर वेळी इथंच थांबतं.

वहीत एक पान असं होतं, की नातीनं ते वाचलं नाही, नुसतं उलटलं. मी संध्याकाळी बाबांना विचारलं. ती धून ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा आणि त्याची हजारो माणसं पडली, त्यांचा हा शोक. स्कॉटिश पाइपर ती चारचौघांत सहसा वाजवत नाहीत. अंत्ययात्रेला, स्मरणदिनाला वाजवतात. सराव करायचा तर एकट्यानं, दार लावून.

लढाई सुरू झाली की बँडवाले वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलतात, हे मला माहीत होतं; बाबांनीही उचललेत. काका १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. “आम्हाला आपल्याच जखमींचं बोलणं कळायचं,” बाबा म्हणाले. “अण्णाला समोरच्यांचंही कळायचं. आया काय म्हणून रडतायत, तेसुद्धा. तो तमिळ ना.” त्या काळाबद्दल काका बोलत नाहीत. पहाटे त्यांची बोटं कोणती धून वाजवतात हे बाबांनी नुसतं बघून ओळखलं होतं. मला सांगितलं मात्र संध्याकाळी.

२५ जानेवारी हा कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस, १७५९ सालचा. स्कॉटिश लोक त्या रात्री जेवणावळी करतात. काकांकडं त्या रात्री इडली आणि सांबार होतं, पण ‘ऑल्ड लँग साइन’ची आठवण निघालीच. ते गीत बर्न्सनं लिहिलं. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पास होणारे छात्र ज्या संथ चालीवर शेवटचं पाऊल टाकून बाहेर पडतात ती हीच. रवींद्रनाथांनी त्याच चालीवर बंगाली गाणं केलं. ‘अबाइड विथ मी’ २०२२ पासून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून वगळलं गेलं. ते लिहिणारा हेन्री लाइटही जन्मानं स्कॉटिश. वगळलं याचं काकांना वाईट वाटलं का? “त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. तेही रडवतंच,” ते म्हणाले आणि ताट उचलून गेले.

नात तेरा वर्षांची आहे आणि व्हायोलिन शिकते. या घरातली खरी गंमत तिच्यामुळं झाली. कर्नाटक संगीतात लहान मुलांना ‘नोट्टुस्वर’ शिकवतात. मुत्तुस्वामी दीक्षितर तरुणपणी मद्रासजवळ मणलीला राहत असताना त्यांनी किल्ल्यातल्या कंपनीच्या बँडवरच्या चाली ऐकल्या आणि त्यांवर संस्कृत स्तोत्रं रचली, असं सांगतात. त्यांचे भाऊ बालुस्वामी तिथंच व्हायोलिन शिकले, आणि आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल बसत नाही. तर ही मुलगी एकदा ‘जगदीश गुरुगुह’ घोटत होती. काका मागच्या दारी आंघोळ करत होते. ते ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून आत आले. “ही रील आहे!” नाचाची स्कॉटिश चाल. तिनं शोधलं, तर अभ्यासकांनी त्या स्तोत्राची चाल ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील’ अशी ओळखलेली निघाली.

मग आजोबा-नातीनं ती एकत्र वाजवून बघितली, आणि भांडण झालं. नोट्टुस्वर शंकराभरणात, म्हणजे आपल्या बिलावलात. त्याला शुद्ध निषाद हवा. पाइपला सूर मोजून नऊ, आणि त्यांतला निषाद कोमल. “ताता, तुमचा नी बेसूर आहे,” ती म्हणाली. काका म्हणाले, “माझा नाही, पाइपचाच तसा आहे.” त्यानंतर ऑपरेशन झालं आणि तो विषय तिथंच राहिला. चँटरला फारसा दम लागत नाही, डॉक्टरांनी त्याला मनाईही केली नव्हती. पण पाइप नाही तर चँटर तरी कशाला, असं काकांनी ठरवून टाकलं.

२६ तारखेला ते बूट का चकाकत असतात ते कळलं. गावातल्या शाळेत झेंडावंदनाला काका बूट, पदकं, इस्त्रीचा कोट असे गेले. त्यांच्या पाइपवर बाबांनी ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवलं. बाबाही त्र्याहत्तरचे, शेवटच्या कडव्याला मान लाल झाली. काका समोर सावधान उभे होते, पण मी त्यांची बोटं बघत होते. पँटच्या शिवणीवर ती चालली होती.

परतताना आम्ही देऊळ चढलो. स्वामीमलैची टेकडी नावापुरती. साठ पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या, प्रभवपासून अक्षयपर्यंत. आपल्या पंचांगातलीच नावं. काका रोज श्वास मोजत चढायचे, ऑपरेशननंतर तिसाव्या पायरीवर टेकतात. तिथं बसून त्यांनी मला इथल्या मुरुगनची गोष्ट सांगितली. शंकरानं मुलाला ओंकाराचा अर्थ विचारला. मुलगा म्हणाला, शिकायचं असेल तर शिष्यासारखे बसा. बाप बसला. म्हणून इथला देव स्वामीनाथ, स्वामीचाही स्वामी. वरून नादस्वर ऐकू येत होतं. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “रीड नवी आहे त्याची.”

संध्याकाळी बाबांनी पाइप पुसून पेटीत भरला, आणि पेटी उचलून पुन्हा माळ्यावर ठेवली. “रीड ओली आहे,” ते म्हणाले. “आता प्रवासात न्यायची नाही. पुढच्या वेळी बघू.” काकांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. ओली रीड वेगळी काढून डबीत ठेवता येते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात नात व्हायोलिन घेऊन आली. तिनं काहीतरी शोधून ठेवलं होतं. ‘श्री स्वामिनाथाय नमस्ते’, दीक्षितरांचीच कृती, याच देवावरची, खमास रागातली. खमासला कोमल निषाद लागतो. “ताता, यात तुमचा नी चालेल,” ती म्हणाली आणि आजोबांकडं न बघताच सूर लावायला बसली.

काकांनी फडकं सोडलं. चँटर हातात घेऊन थोडा वेळ बसून राहिले. मग तोंडाला लावला. आवाज बारीक, थोडा फाटका, माशीच्या गुणगुणीसारखा आला. बाबांनी मोबाइलवरचा तानपुरा लावला आणि मांडीवर ताल धरला. दोन ओळी झाल्या असतील. मुलीनं धनुष्य उचलून सगळ्यांना थांबवलं.

“ताता, पंचम लवकर सोडलात. पुन्हा.”

काका सरळ बसले आणि पुन्हा सुरू केलं.