दुधाचे दात

संस्कृत भाषेत दाताला 'द्विज' असे एक नाव आहे. द्विज म्हणजे दोनदा जन्मणारा. पक्षी आधी अंड्याच्या आणि मग पिलाच्या रूपाने जन्म घेतो, म्हणून तो द्विज. दात एकदा पडून पुन्हा येतो, म्हणून तोही द्विज. मात्र तोंडातील सगळेच दात द्विज नसतात. हा भेद ठाऊक नसल्यामुळे अनेक मुले एक मोलाचा दात लहानपणीच कायमचा गमावतात.

बाळ साधारण ६ महिन्यांचे झाले, की बहुधा खालच्या हिरडीच्या मध्यभागी पहिला दात डोकावतो. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ८ पटाशीचे दात, ४ सुळे आणि ८ दाढा असे २० दुधाचे दात पूर्ण होतात. पुढे मूल वाढते, तसा त्याचा जबडाही वाढतो. परंतु एकदा तयार झालेला दात आकाराने वाढत नाही. म्हणूनच मोठ्या जबड्यासाठी निसर्ग मोठ्या दातांची दुसरी तयारी करून ठेवतो.

दुधाचा दात पडण्याची क्रिया तो हलू लागण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. त्याच्या मुळाखाली, जबड्याच्या हाडात, पक्का दात घडत असतो. हा दात वर सरकू लागला, की विशिष्ट पेशी दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळवतात. आधार नाहीसा झाल्यामुळे दात हलू लागतो आणि एके दिवशी गळून पडतो. पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही, याचे कारण हेच. अनेक घरांत मुले असा दात मोठ्या उत्साहाने छपरावर टाकतात.

दात पडण्याचा क्रम बहुधा ते येण्याच्या क्रमासारखाच असतो. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे मधले दात पडतात, पाठोपाठ वरचे मधले दात पडतात. आठव्या वर्षापर्यंत पटाशीचे बाकीचे दात जातात. सुळे आणि दाढा ९ ते १२ या वयात पडतात. वर्षभर मागेपुढे झाले, तरी काळजीचे कारण नसते. नवे दात किंचित पिवळसर आणि कडेला दातेरी दिसतात, तेही स्वाभाविक आहे.

'दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची काळजी कशाला?' असे पुष्कळदा म्हटले जाते. हा समज हानिकारक आहे. दुधाचा दात खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवतो. विशेषतः दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात. मग पक्क्या दाताला वाट उरत नाही आणि तो वेडावाकडा येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो.

याहून मोठी चूक सहाव्या वर्षी घडते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. ती किडली, तरी 'पडेल आणि नवी येईल' म्हणून वाट पाहत राहतात. परंतु ही दाढ द्विज नव्हे. ती एकदाच येते आणि तिने जन्मभर साथ द्यायची असते. पक्क्या ३२ दातांपैकी २० दात दुधाच्या दातांची जागा घेतात. उरलेल्या १२ दाढा, अक्कलदाढांसह, एकदाच उगवतात.

मूल सहा वर्षांचे झाले, की त्याला उजेडात तोंड उघडायला सांगून मधल्या रेषेपासून मागे दात मोजावेत. सहावा दात दिसला, तर ती पक्की दाढ समजावी. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी मुलाला त्यासाठी मदत करावी. दाढेवर काळा डाग किंवा खड्डा दिसताच दंतवैद्याकडे जावे. किडीचा खड्डा लहान असतानाच भरला, तर दाढ वाचते; एकदा गेलेली पक्की दाढ मात्र पुन्हा उगवत नाही.