हवेचा दाब, हृदयाचा भार

१९३६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लंडनच्या ई. पी. पोल्टन यांचा एक लेख छापून आला. हृदयाची डावी बाजू थकून ज्यांच्या फुफ्फुसांत पाणी साचलं होतं, अशा रुग्णांच्या तोंडावर मुखवटा बांधून त्यांनी दाबाची हवा सोडली होती. हवेसाठी वापरलं होतं व्हॅक्यूम क्लीनरचं यंत्र! १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या पाच रुग्णांवर पहिल्यांदा सीपॅप (मुखवट्यातून सतत दाबाची हवा देणारं यंत्र) वापरला, तेव्हाही मोटर व्हॅक्यूम क्लीनरचीच होती.

हवेच्या दाबाने हृदयाला आराम कसा पडतो? पाण्याने भिजलेले वायुकोश या दाबाने उघडे राहतात. छातीतला दाब वाढला की शरीराकडून परतणारं रक्त जरा कमी येतं आणि तुंबलेल्या हृदयाला उसंत मिळते. शिवाय डाव्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायला कमी जोर लावावा लागतो. म्हणूनच ‘छातीत पाणी झालंय’ म्हणून रात्री धापा टाकत आलेल्या रुग्णाला इमर्जन्सीत लगेच मुखवटा लावतात. ब्रिटनमधल्या १०६९ रुग्णांच्या चाचणीत (२००८) नुसत्या ऑक्सिजनपेक्षा मुखवट्याने दम लवकर ओसरला. सात दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळजवळ सारखंच राहिलं: ९.५ आणि ९.८ टक्के.

श्वास सुधारला म्हणजे आयुष्य वाढलंच, असं नाही. या उपचाराच्या इतिहासात हा धडा पुन्हा पुन्हा मिळाला आहे.

थकलेल्या हृदयासोबत झोपेतल्या श्वासाचे दोषही आढळतात, आणि ते दोन जातींचे असतात. पहिल्यात घसाच मिटतो. छाती हवा ओढत राहते, हवा आत जात नाही आणि त्या ओढीविरुद्ध हृदयाला रक्त ढकलावं लागतं. ऑक्सिजन घसरतो, झोप मोडते, रक्तदाब उसळतो. इथे सीपॅप घसा उघडा ठेवतो. हृदय थकलेल्या टोरांटोतल्या अशा २४ रुग्णांच्या अभ्यासात (२००३) महिनाभर सीपॅप लावलेल्यांचं पंपिंग, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते प्रमाण, सरासरी २५ टक्क्यांवरून ३४च्या आसपास गेलं.

दुसऱ्या जातीत घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. श्वास चढत जातो, उतरत जातो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. डब्लिनच्या जॉन चेन यांनी १८१८मध्ये आणि पुढे विल्यम स्टोक्स यांनी वर्णन केलेला हा श्वास हार्ट फेल्युअरमध्ये पुष्कळदा दिसतो. तो बऱ्याच अंशी हृदयाच्या दुखण्याचाच परिणाम आहे.

कॅनडातल्या ‘कॅनपॅप’ चाचणीत (२००५) असे २५८ रुग्ण होते. सीपॅपने त्यांचं पंपिंग थोडं सुधारलं, चालण्याची ताकदही वाढली, आयुर्मान नाही. मग आलं एएसव्ही, म्हणजे श्वासागणिक दाब कमी-जास्त करणारं हुशार यंत्र. ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेले १३२५ रुग्ण होते. यंत्राने थांबणारे श्वास जवळजवळ नाहीसे केले, पण हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१५च्या मे महिन्यात उत्पादक कंपनीनेच धोक्याची सूचना काढली.

असं का व्हावं? तो चढउताराचा श्वास ही थकलेल्या शरीराने काढलेली तडजोडच असेल, असं काही तज्ज्ञांना वाटतं. दाबामुळे दुबळ्या हृदयाकडे येणारं रक्त गरजेपेक्षा कमी झालं असेल, असं इतर म्हणतात. निकाल लागलेला नाही. वेगळ्या पद्धतीने दाब देणाऱ्या यंत्राच्या ‘अ‍ॅडव्हेंट-एचएफ’ चाचणीत (७३१ रुग्ण) अपाय झाला नाही, झोप सुधारली. पण मृत्यू घटले नाहीत.

म्हणून पंपिंग कमी असलेल्या माणसाची स्लीप स्टडी झाली, की रिपोर्टमधला तासाला किती वेळा श्वास थांबतो एवढाच आकडा पाहून भागत नाही. छाती-पोटावरचे पट्टे हलत असताना श्वास अडला, की पट्टेही थांबले, हे विचारायला हवं. पट्टे हलत असतील तर रोज रात्री नेमाने लावलेला सीपॅप दिवसाची पेंग आणि रक्तदाब उतरवू शकतो. पट्टे थांबत असतील तर आधी हृदयाची औषधं नीट बसवायची, आणि यंत्राचा निर्णय हृदयाच्या व झोपेच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. आधीच यंत्र वापरणाऱ्याने मात्र हे वाचून ते परस्पर बंद करू नये. रिपोर्ट आणि इको घेऊन डॉक्टरांना गाठावं.