चित्रातला माणूस बोटाने झाकून बघा

"चित्रातलं आपल्याला काय कळतं?" असं म्हणून आपण पान उलटतो. पण पीक कापणीला आलं की नाही, हे रंगावरून कोण ओळखतं? आपणच ना! मग चित्रही बघता येईल.

आज बोलायचं आहे ते ब्रिटनमधल्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या निसर्गचित्रांबद्दल. ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली आहेत. ही रीत तिकडे जपानमधून गेली. फ्रँक मॉर्ली फ्लेचर या चित्रकाराने ती शिकवली आणि १९१६ साली तिच्यावर पुस्तकही लिहिलं.

फळीवर चित्र कोरायचं. सहसा प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. पाण्यात कालवलेल्या रंगात तांदळाची खळ घालायची, कुंचल्याने तो ठशावर लावायचा, वर ओलसर कागद ठेवून पाठीमागून घासायचं. पुढचा ठसा नेमका जागेवर बसावा म्हणून खुणा कोरलेल्या असतात. एवढी मेहनत, म्हणून रंग मोजकेच.

आता बघायचं कसं? आधी रंग मोजा. पिवळ्यावर निळा छापला की हिरवा मिळतो, वेगळा ठसा लागत नाही. मग पांढरं शोधा. ढग किंवा बर्फ म्हणजे बऱ्याचदा रंग न लावलेला कोरा कागदच असतो. मग लांबचं आणि जवळचं बघा. लांबचे डोंगर फिके निळसर, जवळची झाडं गडद, म्हणून सपाट कागदावरही अंतर दिसतं.

शेवटी माणूस शोधा. तो चिमुकला असतो. त्याला बोटाने झाका. डोंगर किती उंच, ते आता कळेनासं होतं. बोट काढा, डोंगर पुन्हा मोठा! माणूस चित्राचं माप सांगतो, आणि त्याच्या हातातलं काम ऋतू सांगतं.

मेबल रॉइड्स (१८७४–१९४१) ही एडिंबराच्या कला महाविद्यालयात शिकवणारी चित्रकार. ठशांसाठी ती पाव कापायच्या स्वस्त फळ्या वापरायची. एकाच ठशावर कुंचल्याने निरनिराळे रंगही लावायची. नवऱ्याबरोबर ती भारतात फिरली आणि इथली माणसं तिने छापली. चाकूला धार लावणारा, शेळ्या राखणारा. तिच्या चित्रांत ही माणसं कोपऱ्यातला ठिपका नाहीत, त्यांचं काम हाच चित्राचा विषय आहे.

पण चित्रांची नावं कामावरून आहेत. त्या माणसांची नावं त्यांत नाहीत. चित्राचं कौतुक करताना हेही ध्यानात असू द्या.

पुढच्या बैठकीत भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक चित्र घ्या. रंग मोजा, माणूस झाका, बोट काढा. आणि एकमेकींना विचारा: ही बाई कोण असेल, आणि हिचं काम चित्र काढणाऱ्याला खरंच दिसलं असेल का?