कैसरबागेतले मराठी गुरुजी

लखनऊला गेलेला मराठी प्रवासी सहसा काय करतो? बडा इमामबाडा पाहतो, भूलभुलैयात थोडा वेळ हरवतो, चौकात जाऊन बायकामुलींसाठी चिकनचे कुर्ते घेतो आणि टुंडेचे कबाब खायचे की नाही यावर घरच्यांशी वाद घालतो. कैसरबागेतल्या त्या जुन्या नवाबी इमारतीकडे मात्र त्याचे पाय क्वचितच वळतात. तबल्याचे बोल, घुंगरांचा नाद, कुठल्याशा खोलीतून येणारी यमनची सरगम असे सगळे एकमेकांत मिसळून तिथून बाहेर येत असते. या इमारतीवर एका मराठी वकिलाचे नाव आहे, आणि तिला नावारूपाला आणण्यात दुसऱ्या एका मराठी माणसाचे अख्खे तारुण्य खर्ची पडले आहे!

वकील म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांना सारे ओळखतात. दुसरे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, शिष्यमंडळींचे ‘अण्णासाहेब’. त्यांचे नाव आज गाणे शिकणाऱ्यांच्या घरांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

परीखान्यात शाळा

अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह नाचगाण्याचा केवढा शौकीन होता हे सांगायला नकोच. कैसरबागेत त्याने ‘परीखाना’ उभारला होता. निवडक मुलींना तिथे उस्तादांकडून गाण्याची आणि नृत्याची तालीम मिळे. १८५६ साली इंग्रजांनी त्याचे राज्य खालसा केले, नवाब कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला आणि परीखाना ओस पडला. पण लखनऊचे गाणे काही थांबले नाही. ते चौकातल्या कोठ्यांवर, तालुकदारांच्या हवेल्यांत आणि कालका-बिंदादीन यांच्या घराण्यातल्या कथ्थकांच्या अंगणात चालूच राहिले.

या गावात भातखंडे आले ते एक चमत्कारिक कल्पना घेऊन. गाणे शाळेत शिकवायचे! फळा, पुस्तक, तास, परीक्षा, प्रमाणपत्र सगळे त्यात आले. त्यासाठी पाठबळही त्यांना इथेच मिळाले. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली, प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि अकबरपूरचे ठाकूर नवाब अली हे ते तिघे. नवाब अलींनी तर भातखंड्यांची पद्धत ‘मारिफुन्नगमात’ या उर्दू ग्रंथातून उत्तरेच्या वाचकांपुढे ठेवली होती. १९२४ आणि १९२५ अशा लागोपाठ दोन अखिल भारतीय संगीत परिषदा लखनऊला भरल्या आणि १९२६ साली कॉलेज उघडले. सरकारी अनुदानाकडे डोळे होतेच, तेव्हा नाव प्रांताच्या गव्हर्नरचे, सर विल्यम मॅरिस यांचे. मॅरिस कॉलेज! पुढे कॉलेजचे बस्तान याच परीखान्याच्या वास्तूत बसले. जिथे नवाबाच्या पऱ्या शिकल्या, तिथे आता कारकुनांची आणि वकिलांची मुलेमुली वह्या घेऊन बसू लागली.

शहरातले बुजुर्ग उस्ताद यावर काय म्हणत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. गाणे ही पिढीजात दौलत. ती मुलाला द्यायची, फार तर गंडा बांधलेल्या शागीर्दाला द्यायची. ती छापील पुस्तकात घालून चार आण्या-आठ आण्यांना विकायची, हे त्यांना कसे पटावे?

पण भातखंड्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी उस्तादांनाच कॉलेजात आणले. लखनऊ घराण्याचे तबल्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ तिथे तबला शिकवू लागले, सखावत हुसेन खाँ सरोद. वेळापत्रकात बांधलेले खाँसाहेब ही त्या काळातली नवलाईच होती.

दोन गुरूंचा एक शिष्य

कॉलेज उघडले त्याच वर्षी मुंबईच्या विल्सन कॉलेजातून बी. ए. झालेला एक तरुण तिथे शिकवायला आला. हे रातंजनकर. १९२८ साली, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते प्राचार्य झाले.

त्यांची तयारी जगावेगळी होती. वडील मुंबईच्या पोलीस खात्यात, पण गाण्याचे वेडे. मुलाला लहानपणीच कृष्णभट होन्नावरांकडे स्वरज्ञानासाठी बसवले, मग अंतुबुवा जोशांकडे, आणि पुढे तो भातखंड्यांच्या हाती लागला. भातखंड्यांनी त्याला रागांचे शास्त्र दिले, शेकडो बंदिशी दिल्या. मात्र मैफलीचे गाणे आपण देऊ शकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी त्याला १९१७ साली थेट आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडे धाडले. बडोद्यात पाचेक वर्षे रीतसर गंडाबंद तालीम झाली. नोमतोमची आलापी, बोलबनाव, लयीशी खेळणे हे सारे खाँसाहेबांच्या समोर बसून, त्यांच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घ्यायचे.

एकीकडे कागदावर गाणे लिहिणारा गुरू, दुसरीकडे कागदाला हातही न लावणारा. दोघांचेही सर्वस्व ज्याला मिळाले असा गवई त्या काळात दुसरा दाखवणे कठीण. असा माणूस मुंबईत, बडोद्यात किंवा कलकत्त्यात राहून मैफली गाजवू शकला असता. त्याऐवजी त्याने घराहून शेकडो मैलांवर, परक्या भाषेच्या गावात, सदा पैशाच्या चणचणीत असलेल्या एका शाळेची खुर्ची पत्करली. भातखंड्यांनी जा म्हटले म्हणून तो गेला.

ही खुर्ची मखमली नव्हती. कॉलेज चालायचे ते तालुकदारांच्या देणग्यांवर आणि सरकारी अनुदानावर, आणि दोन्हींचा भरवसा नसे. पैशाची काळजी भातखंड्यांनाही शेवटपर्यंत सुटली नाही. अखेरची काही वर्षे अंथरुणाला खिळून १९३६ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास ते गेले, आणि मग सारा भार रातंजनकरांवर आला.

सहा पुस्तके आणि एक गळा

वर्गात काय चालायचे? भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. ज्यांच्या घरात मुलगी गाणे शिकते त्यांनी या खुणा वहीत नक्की पाहिल्या असतील. आज ज्याला आपण सहज ‘विशारद’ म्हणतो, त्या परीक्षांच्या शिडीची एक महत्त्वाची उभारणी याच कॉलेजात झाली.

पण वीस-पंचवीस मुलांचा वर्ग, पाऊण तासाचा पाठ आणि घंटा! एवढ्यात गवई कसा तयार होणार? मॅरिस कॉलेजातून मास्तर निघतात, गवई निघत नाहीत, असा टोमणा तेव्हाही मारला जाई. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. वर्गाने गाणे समजणारी हजारो माणसे तयार केली, ती काही थोडी गोष्ट नव्हे. मैफलीचा गवई मात्र वर्गात घडत नाही, आणि फैयाज खाँच्या शागिर्दाला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. वर्ग कॉलेजात, तालीम घरी.

बेळगावजवळच्या बैलहोंगलचा कृष्णा गिंडे अकरा वर्षांचा असताना त्यांच्या घरी आला आणि मुलासारखा तिथेच वाढला. भटकळजवळच्या शिरालीचे एस. सी. आर. भट आले, बंगळूरचे चिदानंद नगरकर आले, मुंबईहून दिनकर कायकिणी आले. नृत्य विभागात मोहनराव कल्याणपूरकर होते. सारस्वतांच्या घरची ही पोरे अवधच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे तंबोरे जुळवून बसत. घरी कानडी-कोंकणी-मराठीची खिचडी, वर्गात हिंदी, आणि रस्त्यावर लखनवी ‘पहले आप’ची उर्दू! आता एवढ्या माणसांचा स्वयंपाक, आजारपण, रुसवेफुगवे कोणी सांभाळले असतील? संगीताच्या इतिहासात त्या गृहिणीला ओळभर जागा मिळत नाही, पण गुरुकुल म्हणतात ते चुलीशिवाय चालत नाही.

वाईचे व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगही याच वातावरणात घडले आणि तिथेच शिकवू लागले. सुमती मुटाटकर इथल्याच. सिनेमाच्या शौकिनांना सांगायला हवे की ‘बरसात की रात’ आणि ‘ताजमहल’चे संगीतकार रोशन याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि खास लखनऊचा मखमली गळा तलत महमूद हाही इथे भटसाहेबांकडे शिकला. सिंहलींचे लाडके गायक-संगीतकार अमरदेव पन्नाशीच्या दशकात जोगांकडे व्हायोलिन शिकायला समुद्र ओलांडून इथेच आले.

गावही असे की कान सतत जागा राहावा. अच्छन महाराज, शंभू महाराज यांचे कथ्थक, १९३८ साली सुरू झालेले रेडिओ स्टेशन, चौकातली ठुमरी-दादऱ्याची परंपरा. १९४५ साली बॅरिस्टर अब्बासींशी लग्न करून बेगम अख्तर लखनऊच्या रहिवासी झाल्या आणि पुढे उतारवयात त्यांनी याच संस्थेत येऊन शिकवलेही. ख्यालाची शाळा आणि ठुमरीचे गाव शेजारी शेजारी नांदत होते.

रातंजनकर स्वतः रचनाकार होते. ‘सुजान’ या नावाने त्यांनी बांधलेल्या बंदिशी ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत आहेत. सालगवराळी, मार्गबिहाग, केदारबहार असे राग त्यांनी दिले. कर्नाटक संगीताचा अभ्यास करून तिकडच्या वर्णमाचा घाट हिंदुस्थानी गाण्यात आणून पाहिला. ‘गोवर्धन उद्धार’, ‘झाँसी की रानी’ अशी संगीतनाटके विद्यार्थ्यांसाठी रचली. ते गवई म्हणून मात्र मागे पडत गेले. दिवसभर दुसऱ्यांचे सूर दुरुस्त करणाऱ्याचा स्वतःचा गळा किती दिवस तसाच राहणार? त्यांचे ऐन भरातले गाणे ज्यांनी ऐकले ते भाग्यवान. मागे उरलेली ध्वनिमुद्रणे त्या मानाने थोडीच आहेत.

पडद्यामागचे गाणे

या शांत माणसाच्या आयुष्यात एक वादळ आले, तेही एका मराठी मंत्र्याच्या निमित्ताने. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. रेडिओवर गाणाऱ्या सगळ्या कलाकारांची नव्याने परीक्षा घ्यावी, त्यांना श्रेणी लावाव्यात असे त्यांनी ठरवले आणि परीक्षक मंडळाचे प्रमुखपद दिले रातंजनकरांना. कलाकाराने परीक्षकांच्या नजरेआड गायचे, म्हणजे नाव पाहून गुण पडणार नाहीत. वर रागशास्त्राचे प्रश्न!

झाले! वर्षानुवर्षे रेडिओवर गाणारे-वाजवणारे खवळले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी विद्या जपलेल्या कलावंताला ‘या रागाचा थाट कोणता, वादी कोणता’ विचारायचे? भातखंड्यांच्या पुस्तकाचा चष्मा लावून घराण्यांना तपासायचे? मुंबईत कलाकारांनी रेडिओवर बहिष्कार घातला, वर्तमानपत्रांतून टीकेचे आसूड उडाले, आणि ते बहुतेक मंडळाच्या अध्यक्षांच्या पाठीवर.

खरे सांगायचे तर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते. ओळखीपाळखीवर कार्यक्रम मिळण्यापेक्षा पडद्याआडून झालेली परीक्षा न्यायाची. पण ज्याचे गाणे ऐकून मान डोलते, त्याला थाट सांगता आला नाही म्हणून त्याचे काय बिघडले? स्वतः फैयाज खाँसाहेबांसमोर असे प्रश्न ठेवण्याची कोणाची छाती झाली असती? खाँसाहेब त्याआधीच, १९५० साली, पैगंबरवासी झाले होते. पुढे नियम सैल झाले, पण ध्वनिचाचणी आणि श्रेणींची पद्धत आकाशवाणीत कायमची रुजली.

गंमत अशी की त्याच वर्षी सिलोन रेडिओनेही त्यांना कलाकारांची चाचणी घ्यायला बोलावले. तिथे त्यांनी हिंदुस्थानी संगीताची नक्कल करा असे सांगितले नाही. तुमच्या लोकगीतांत आणि लोकनाट्यात जे आहे त्यावर तुमचे संगीत उभारा, हा त्यांचा सल्ला. पुस्तकी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाचा हा सल्ला तिथल्या संगीतकारांनी मनावर घेतला.

जवळजवळ तीन दशके लखनऊत काढून १९५७ च्या सुमारास ते मध्य प्रदेशातल्या (आता छत्तीसगडातल्या) खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. त्याच १९५७ साली पद्मभूषण मिळाले आणि १९६३ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप. पुन्हा मुंबईत येऊन १९७४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जगाचा निरोप घेतला.

स्वातंत्र्यानंतर मॅरिससाहेबाचे नाव जाऊन कॉलेजला भातखंड्यांचे नाव मिळाले होतेच. १९६६ साली ते उत्तर प्रदेश सरकारने ताब्यात घेतले, २००० साली अभिमत विद्यापीठ झाले आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. कैसरबागेत वर्ग अजून भरतात.

आणि घरातली ती पोरे? नगरकर मुंबईत भारतीय विद्या भवनाच्या संगीत शाळेचे प्रमुख झाले, कायकिणी आकाशवाणीत गेले आणि पुढे त्याच भवनात आले. भट आणि गिंडे ही जोडी शीवच्या वल्लभ संगीतालयात वर्षानुवर्षे शिकवत राहिली. गिंडेबुवांना दोन हजारांवर बंदिशी तोंडपाठ होत्या. एखाद्या गवयाचे एखादा अप्रसिद्ध राग किंवा विसरलेला अंतरा अडला की तो शीवचा रस्ता धरी. १९९४ साली गिंडेबुवा गेले. बैलहोंगलहून लखनऊला आलेल्या या मुलानेही स्वतः बंदिशी बांधल्या, आणि त्यात नाव घातले ‘सुजनसुत’.