विद्वेषी लेखन, कायदा आणि 'वाचक' : नागपूरच्या एका निकषाचा मागोवा

१

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा लेखकाच्या बाजूने केली जाते. लेखकाने काय लिहावे आणि शासनाने त्याला कोठे अडवावे, हे प्रश्न त्या चर्चेत अग्रभागी असतात. वाचकाचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः विद्वेष पसरविणाऱ्या लेखनासंबंधीचे कायदे तपासले असता असे दिसते, की त्यांतील निर्णायक प्रश्न वाचकाविषयीचाच आहे. शब्द स्वभावतः गुन्हेगार नसतो. वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा विशिष्ट परिणाम होतो, किंवा तसा संभव असतो, म्हणून तो गुन्ह्याच्या कक्षेत येतो. मग हा वाचणारा कोण मानावयाचा?

साहित्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. संस्कृत काव्यशास्त्राने 'सहृदय' कल्पिला, तर आधुनिक समीक्षेने 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना मांडली. न्यायालयालाही असाच एक वाचक कल्पावा लागतो. भारतीय न्यायालयांनी ह्या संदर्भात जो वाचक पुनःपुन्हा प्रमाण मानला, तो नागपुरात घडला आहे. त्या निकषाचा उगम, त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. एका अब्जाधीशाच्या मालकीच्या संदेशमाध्यमाने ह्या निकषापुढे उभा केलेला नवा प्रश्नही त्यात ओघाने येईल.

२

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त प्रसिद्ध झालेल्या मजकुरात 'शिवाजीचे उद्गार' ही कविताही होती. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची ह्यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी बसली. तीत सहा युरोपीय व तीन भारतीय होते. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्यूरीतील बहुमतापुढे हे मराठी लेखन इंग्रजी भाषांतराच्या रूपाने आले होते. 'केसरी'चा वाचक ज्या संकेतांनी ती कविता वाचीत होता, ते संकेत निर्णय देणाऱ्यांजवळ नव्हते. १९०८ च्या खटल्यातही टिळकांनी भाषांतराच्या सदोषतेवर भर दिला होता. मजकूर लिहिला गेला एका वाचकासाठी आणि तोलला गेला दुसऱ्याच वाचकाकडून, असे ह्या खटल्यांचे स्वरूप सांगता येईल.

१८९७ च्या खटल्यानंतर लगेच, १८९८ मध्ये, भारतीय दंडविधानात १५३-अ हे कलम घालण्यात आले. भिन्न समाजांत शत्रुत्व वाढविणे हा त्यामुळे गुन्हा ठरला. १९२७ मध्ये धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावण्याविषयीचे २९५-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे १९६ व २९९ ह्या क्रमांकांनी कायम आहेत. दोन्ही संहितांत 'विद्वेषी वक्तव्य' ह्या संज्ञेची स्वतंत्र व्याख्या नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (अ) ने दिलेले स्वातंत्र्य आणि १९ (२) मधील वाजवी निर्बंध ह्यांच्यामधील सीमारेषा त्यामुळे न्यायालयांना प्रत्येक प्रकरणात नव्याने आखावी लागते.

३

ही रेषा आखण्याचे एक साधन नागपूर उच्च न्यायालयाने दिले. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रांतिक सरकार ह्या प्रकरणाचा निर्णय १९४७ च्या न्यायनिर्णयसंग्रहात नागपूर विभागाच्या अगदी प्रारंभी छापलेला आहे. तो देणारे न्या. व्हिव्हियन बोस हे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस ह्यांचे नातू होत. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर व धैर्यशील माणसांच्या मापाने मोजावा. दुर्बल, डळमळीत मनाचे माप त्याला लावू नये, आणि प्रत्येक विरोधी मतात ज्यांना धोक्याचा वास येतो त्यांचे माप तर मुळीच लावू नये.

ह्या निकषाचा भूगोलही ध्यानात घ्यावा. आजचा नरखेड तालुका त्या वेळी ह्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमेपलीकडे गेलेली पांढुर्णा-सौंसरची मराठी भाषिक गावेही त्याच क्षेत्रात होती. मराठी आणि हिंदी ज्यांच्या बाजारात एकत्र नांदतात, अशा ह्या प्रदेशात एकच मजकूर दोन भाषांच्या, अनेक जातिधर्मांच्या वाचकांपुढे जातो. परकीय सत्तेच्या अखेरच्या पर्वात अशा प्रांतातील न्यायाधीशाने वाचकाला प्रौढ मानले, ही गोष्ट साधी नव्हे. राज्यकर्ते प्रजेला सहज भडकणारी मानीत होते, आणि त्यांच्या कायद्यांचा पाया ह्याच गृहीतकावर होता. बोस ह्यांचा निकष ते गृहीतक नाकारतो.

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या निकषाचा प्रवास मुख्यतः साहित्य व कलेच्या वाटेने झाला. भीष्म साहनी ह्यांच्या कादंबरीवर आधारलेली 'तमस' ही दूरदर्शन-मालिका रोखण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अवलंबिला. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाविरुद्धचा गुन्हा रद्द करताना तो पुन्हा उद्धृत झाला. त्या प्राध्यापकाने पालक व शिक्षकांचा समावेश असलेल्या व्हॉट्सअॅप समूहाच्या काळात आपल्या 'स्टेटस'वर अनुच्छेद ३७० रद्द करण्याच्या निर्णयाचा निषेध केला होता आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. आपल्या व्यवसायबंधूच्या ह्या प्रकरणाचा अर्थ महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

२८ मार्च २०२५ चा निर्णय तर थेट कवितेविषयीचा आहे. खासदार इम्रान प्रतापगढी ह्यांनी 'एक्स' ह्या माध्यमावर टाकलेल्या चित्रफितीच्या पार्श्वभूमीवर एक उर्दू कविता ऐकू येत होती. तीवरून जामनगर येथे गुन्हा नोंदविण्यात आला आणि गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान ह्यांनी तो रद्द केला. नागपूरचाच निकष त्यांनी आधाराला घेतला. ह्या वर्गातील बहुतेक गुन्ह्यांत नोंदणीपूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित होय, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे न्यायाधीशाच्या आधी पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यानेही प्रौढ वाचक व्हावे, अशी ही अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मजकुराचा पहिला अधिकृत वाचक तोच असतो, आणि अटक झाली की पुढील निर्दोषत्वाने गेलेली वर्षे परत येत नाहीत.

निकष मात्र सर्वत्र सारखा लावला गेला, असे म्हणता येत नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर ह्यांच्या 'गांधी मला भेटला' ह्या कवितेचे प्रकरण आपल्या परिचयाचे आहे. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुद्रक-प्रकाशकाला त्याने मागितलेल्या क्षमेमुळे दोषमुक्त केले, परंतु कवीविरुद्धचा खटला चालू ठेवण्यास अनुमती दिली. इतिहासातील आदरणीय व्यक्तीचे नाव योजले असता समकालीन समाजाचा निकष अधिक कठोरपणे लागू होतो, असे तेथे प्रतिपादन झाले. हे कलम निराळे होते हे मान्य केले, तरी लक्ष वाचकावरून हलून कवितेतील व्यक्तीच्या थोरवीकडे गेले, हे दृष्टीआड करता येत नाही.

४

बोस ह्यांच्या निकषाची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे मांडली पाहिजे. विद्वेषी मजकुराला दोन प्रकारचे वाचक असतात. एक, ज्याला तो चिथावतो. दुसरा, ज्याच्याविरुद्ध तो लिहिलेला असतो. खंबीर वाचकाचे माप पहिल्यासाठी योग्य आहे. दुसऱ्याला मात्र 'धैर्यशील राहा, मनाला लावून घेऊ नको' असे सांगणे हा अन्याय ठरू शकतो. शतकानुशतके अपमान सोसलेल्या समाजाला खंबीरपणाचा उपदेश करण्याचा अधिकार अपमान करणाऱ्यास नसतो. दलित साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद सांगावा लागू नये. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांच्या दृष्टीसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान स्वतंत्र गुन्हा मानला, तो ह्याच जाणिवेतून. तेथे तटस्थ वाचकाचे समाधान पुरेसे नसते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि दोघांमधील सामाजिक अंतर किती, हे पाहावे लागते.

ह्या दिशेने सर्वोच्च न्यायालयानेही पाऊल टाकले आहे. अमिश देवगण प्रकरणात (२०२०) मजकूर, हेतू व परिणाम ह्यांबरोबरच वक्त्याचे स्थानही विचारात घ्यावे, आणि ज्याचा प्रभाव मोठा त्याची जबाबदारीही मोठी, असे प्रतिपादन झाले. तात्पर्य, दुखावले जाणे आणि समाजाबाहेर लोटले जाणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली लोकशाहीत सोसावी लागते. दुसरीपासून संरक्षण मागण्याचा हक्क आहे.

५

आता माध्यमाचा प्रश्न. १९४७ पर्यंतच्या मुद्रित व्यवहारात वाचक मजकुराकडे जात असे. नरखेडच्या स्थानकावर उतरलेले वृत्तपत्र कोणी विकत घ्यावे, कोणी वाचून दाखवावे, हे माणसे ठरवीत. संपादक ओळखीचा असे व मुद्रकाचे नाव कायद्याने छापावे लागे. संगणकीय माध्यमांत मजकूरच वाचकाकडे धाडला जातो आणि कोणाकडे धाडावा हे यंत्रणा ठरविते.

पालघरच्या घटनेने हा बदल महाराष्ट्राच्या ध्यानात आणून दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक तरुणी आणि त्यास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. वाचून पसंती दर्शविणे हेही अपराधात जमा झाले! ह्या घटनेच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द झाले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी ह्या तीन पायऱ्यांतील भेद त्या निर्णयाने स्पष्ट केला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क ह्यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरांना 'ट्विटर' विकत घेतले. जुलै २०२३ मध्ये त्याचे नाव 'एक्स' झाले. स्वतःस निरपवाद अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणविणाऱ्या मस्क ह्यांनी बंदी घातलेली अनेक खाती पुन्हा खुली केली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच माध्यमाने काही पत्रकारांची खाती निलंबित केली. स्वातंत्र्य मालकाच्या इच्छेवर अवलंबून असेल, तर त्याला हक्क न म्हणता सवलत म्हणावे लागेल, हा बोध त्यातून होतो. मार्च २०२३ मध्ये मजकूर-निवडीच्या संगणकीय संहितेचा काही भाग कंपनीनेच प्रसिद्ध केला. वाचक कशाला प्रतिसाद देईल, ह्या अंदाजाला त्या निवडीत महत्त्व आहे. संताप हाही प्रतिसादच असतो. बोस ह्यांनी प्रमाण मानलेला खंबीर वाचक अशा यंत्रणेच्या हिशेबात उतरेलच, ह्याची शाश्वती नाही.

ह्यावर उपाय म्हणून शासनालाच अधिकृत वाचक करावे काय? २०२३ च्या नियमदुरुस्तीने तसा प्रयत्न केला. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी ती योजना होती. कुणाल कामरा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. मूळचे नागपूरच्या वकीलवर्गातील न्या. अतुल चांदूरकर ह्यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे मत दिले आणि तो नियम घटनाबाह्य ठरला. उलट, मजकूर हटविण्याच्या शासकीय आदेशांसाठी उभारलेल्या 'सहयोग' व्यवस्थेविरुद्ध 'एक्स'ने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. अनुच्छेद १९ चे स्वातंत्र्य नागरिकांचे आहे, परदेशी कंपनीला ते मागता येत नाही, हा त्यातील एक मुद्दा होता. तो ग्राह्य धरला तरी एक प्रश्न उरतो : कंपनी आणि शासन ह्यांच्या वादात ज्याचा मजकूर हटतो तो नागरिक, आणि ज्याला तो वाचावयाचा होता तो दुसरा नागरिक, ह्यांचे म्हणणे कोणी ऐकावयाचे?

६

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतील. एक, विद्वेषी लेखनाचा कायदा हा प्रत्यक्षात वाचनाचा कायदा आहे. दोन, नागपूरचा निकष आजही टिकाऊ आहे, कारण तो नागरिकाला प्रौढ मानतो. मात्र तो चिथावल्या जाणाऱ्या वाचकापुरता लावावा आणि लक्ष्य झालेल्या माणसाची बाजू त्याच्या सामाजिक स्थानावरून पाहावी. तीन, संगणकीय माध्यमांत लेखकाच्या हेतूबरोबर वितरणाचाही विचार व्हावयास हवा. मजकूर कोणी लिहिला इतकेच न पाहता तो कोणापुढे, कोणत्या हिशेबाने ठेवला गेला, हेही विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर देण्याचे दायित्व माध्यमाच्या मालकावर असले पाहिजे.

खंबीर वाचक मात्र कोणताही न्यायनिर्णय निर्माण करू शकत नाही. न्यायालय तो गृहीत धरते. घडवावा लागतो तो वर्गात. उपरोध आणि उपहास, पात्राचे बोलणे आणि लेखकाचे मत, टीका आणि तुच्छता ह्यांतील भेद ओळखण्यास शिकविणे हे भाषा-साहित्याच्या अध्यापनाचे नित्याचे काम आहे. न्या. बोस ह्यांनी ज्या वाचकावर विश्वास ठेवला, तो आपल्या विद्यार्थ्यांतून तयार होत आहे की नाही, हे आपल्या विभागांनी स्वतःस विचारले पाहिजे.