फड उठल्यावर

अहमदपूरला जवळ असलेल्या माळेगावची यात्रा मार्गशीर्षात भरते, तेव्हा तेथील कुस्त्या पाहावयास गावोगावची माणसे लोटतात. रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत फड रंगत जातो आणि विजयी मल्लाला लोक खांद्यावर घेतात. पंधरा वर्षांनी तो मल्ल काय करीत असेल, हा प्रश्न मात्र फड उठल्यावर कोणी विचारीत नाही.

पैलवानकी हा दीर्घ गुंतवणुकीचा आणि अल्पकालीन कमाईचा व्यवसाय आहे. कोवळ्या वयात मुलगा तालमीत जातो, शिक्षण मागे पडते आणि दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकरी कुटुंब वर्षानुवर्षे सोसते. कमाईचा काळ जेमतेम दहाबारा वर्षांचा. शिक्षक वा कारकून यांचे वेतन वयाबरोबर वाढते. मल्लाचे उत्पन्न वयाबरोबर घटते. एखादा गुडघा निकामी झाला, तर ते एका दिवसात संपते.

ज्येष्ठ मल्लांच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले, की ही विसंगती अधिकच जाणवते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. असे दुसरे पदक मिळण्यास देशाला १९९६ साल उजाडावे लागले. परंतु खाशाबांना पुढे आधार दिला तो पदकाने नव्हे, तर १९५५ मध्ये मिळालेल्या पोलीस खात्यातील नोकरीने. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर सोळासतरा वर्षांनी आला.

लातूर जिल्ह्याचा अनुभव याहून सुखद आहे. हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि पुढे पुण्यात वस्ताद म्हणून मोठी शिष्यपरंपरा उभी केली. याच जिल्ह्यातील काका पवार हे त्यांचे शिष्य. तेही अर्जुन पुरस्कारानंतर प्रशिक्षणाकडेच वळले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे या दोघांच्या हाताखाली घडले, २०१८ मध्ये राष्ट्रकुल विजेते ठरले आणि २०२० मध्ये पोलीस उपअधीक्षक झाले. ही उदाहरणे अभिमानास्पद खरी. परंतु ती शिखरावर पोहोचलेल्यांची आहेत. प्रत्येकाला तालीम काढता येत नाही, की अधिकारपद मिळत नाही. जिल्हा पातळीवर चार हंगाम गाजवून गावी परतणाऱ्या असंख्य मल्लांची नोंद कोणत्याच यादीत नसते.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत. नामांकित मल्लांचे मासिक मानधन वीस हजार रुपये आणि वयोवृद्ध मल्लांचे साडेसात हजार रुपये करण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. पण पदकावर आधारलेले आरक्षण पदक नसलेल्याच्या उपयोगी पडत नाही, आणि मानधन ही शेवटी कृपा आहे. ती वाढते तशी थांबूही शकते. हक्क निर्माण होतो तो वर्गणीतून.

या बाबतीत अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील व्यावसायिक खेळाडूंसाठी १९४७ मध्येच निवृत्तिवेतन योजना सुरू झाली आणि मोठ्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे उत्पन्न तिच्याकडे वळविण्यात आले. खेळाने मिळविलेल्या पैशातला काही भाग खेळाडूच्या उतारवयासाठी बाजूला काढावयाचा, एवढेच त्यातले सूत्र.

ते आपल्याकडे अशक्य नाही. प्रत्येक मोठ्या इनामातून शेकडा पाच रुपये, तितकीच रक्कम यात्रा समितीकडून आणि तेवढीच शासनाकडून मल्लाच्या नावे जमा झाली, तर दहा वर्षांत एक निधी उभा राहील. यामुळे समित्यांवर भार पडेल, हा आक्षेप ऐकू येईल. परंतु मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे फेटे यांवर जो खर्च आनंदाने होतो, त्यापुढे हा भार किती? ज्याच्या घामावर फड भरतो, त्याचा त्या फडाच्या पैशावर त्याच्या म्हातारपणीही वाटा असला पाहिजे.