हरलेल्याची खेळी

दिवाळीच्या सुट्टीत फराळाची ताटे उचलली की घटकाभर पट मांडावा. नगरकरांना हे सांगायला नको. अहिल्यानगर म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या गावचा शार्दुल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला. पण ग्रँडमास्टर असो की आपण, जुने डाव मांडूनच सारे शिकतात. चला तर, कलकत्त्याचा १८५५ सालचा एक डाव मांडू.

पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराची, काळी महेशचंद्र बॅनर्जी यांची. महेशबाबू देशी खेळात मुरलेले. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. आजोबांशी खेळलेल्यांना आठवेल.

पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. महेशबाबूंनी राजाकडचा घोडा काढला. पांढऱ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले, तर यांनी राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे हळूच एक घर सरकवले. उंटाला खिडकी उघडली! तिसऱ्या चालीला मात्र वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून सरळ पांढऱ्याच्या तोंडी दिले. मारामारी झाली, पटाच्या मधोमध पांढरी प्यादी दिमाखात उभी राहिली, आणि कडेच्या उंटाने व बाजूच्या प्याद्याने त्यांना धक्के द्यायला सुरुवात केली. शत्रूला वाडा बांधू द्यायचा अन् मग पाया खणायचा, असा हा बेत.

पण डाव महेशबाबू हरले. सतराव्या चालीला कॉक्रेनचा घोडा राजाच्या अंगणात उतरला. महेशबाबूंनी समोरचा उंट मारला. घोड्याने प्यादे खाल्ले. पुढे घोडा व वजीर यांचा दुहेरी शह, वजिराचा बळी आणि स्वतःच्याच हत्तीने कोंडलेल्या राजावर घोड्याची मात! पांढऱ्याचा शेवट असा देखणा, की काळ्याची सुरुवात कोणी पाहतच नाही. आम्हीही पाहिली नव्हती.

सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने व्हिएन्नाला हीच सुरुवात करून खुद्द अलेखिनला हरवले. सुरुवातीला नाव मिळाले ग्रुनफेल्डचे. १९८६ साली कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध जगज्जेतेपदासाठी ती वापरली. महेशबाबूंची खेळी कळते, ती तो डाव कोणी लिहून ठेवला म्हणूनच. नाहीतर हरलेल्याच्या चाली कोण जपतो?

आता मोहरी पुन्हा सतराव्या चालीवर आणा. समोरचा उंट मारण्याऐवजी महेशबाबूंनी आपलाच उंट मागे आणून पांढऱ्या वजिराच्या तिरक्या वाटेत आडवा घातला असता तर? एखादे प्यादे गेले असते, पण ती मात टळली असती का, हे मुलांना शोधू द्या.